घड बुडवायची वेळ आणि वासराला टोचायची वेळ

पहाटे साडेपाचला फोन वाजला की तो दिंडोरीकडच्या एखाद्या गोठ्यातून आलेला असणार, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी नाना होते. नानांची दोन एकर द्राक्षबाग आणि सहा गाई.

"डॉक्टर, ते नऊ दिवसांचं वासरू धापा टाकतंय. अंग तापलंय. मागं मोठ्या गाईला आणलेल्या डेक्साच्या बाटलीत थोडं उरलंय. तेवढं टोचून देऊ का? तुम्ही येईस्तोवर बरं पडंल."

"टोचू नका," मी म्हणालो.

"का? गाईला तर दुपारपर्यंत उभं केलं होतं त्यानं."

फोनवर उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आठच्या सुमारास पोहोचलो तेव्हा नाना बागेत होते. जीएच्या डिपिंगचे दिवस होते. मजूर हातात मग घेऊन एकेक घड द्रावणात बुडवत पुढे सरकत होते. वासराला तपासून, औषधं देऊन बाहेर आलो आणि नानांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग मी उलटा प्रश्न केला.

"नाना, हेच जीए भर फुलोऱ्यात मारलं तर?"

"गळ होईल की. विरळणीसाठी मारतात कधी, पण ते मोजून."

"आणि आज?"

"आज फुगवण. मणी तीन-चार मिलीमीटरचे झालेत ना."

"औषध तेच?"

"औषध तेच. दिवस वेगळा."

स्टेरॉइड आणि लहान जनावर यांच्याबद्दल गेल्या शंभरएक वर्षांत प्रयोगशाळांनी जे शोधलं, त्याचा गाभा नानांनी चार शब्दांत सांगून टाकला होता. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतीचं संप्रेरक. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, प्राण्यांच्या शरीरातल्या संप्रेरकाची माणसानं बनवलेली, कितीतरी जोरकस नक्कल. संप्रेरक हा निरोप असतो. निरोपाचा अर्थ तो कोणाला आणि कधी मिळाला यावर ठरतो. मोठ्या गाईच्या पेशींना मिळालेला निरोप आणि नऊ दिवसांच्या वासराच्या पेशींना मिळालेला निरोप अक्षरशः एकच असला, तरी तो ऐकणाऱ्या पेशी वेगळ्या वयाच्या असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. स्टेरॉइड म्हटलं की कॉलेज रोडच्या जिममधली फुगलेली पोरं डोळ्यांसमोर येतात. ती स्टेरॉइडं टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली, म्हणजे नर संप्रेरकांची. डेक्सा, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन ही भावंडं कॉर्टिसॉलच्या कुळातली. दोन्ही कुळांचा रासायनिक सांगाडा सारखा, कामं निरनिराळी. पुढे कोंबडीच्या गोष्टीत नर संप्रेरकंही भेटणार आहेत, म्हणून हा फरक लक्षात असू द्या.

कॉर्टिसॉल आपल्या सगळ्यांच्या अंगात रोज तयार होतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते बनवतात. ताण आला, उपास घडला, जखम झाली की ते वाढतं, रक्तात साखर सोडतं आणि सूज आवरतं. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला याच कुळातलं कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांत, १९५०मध्ये, हेंच आणि याच संप्रेरकांवर काम करणारे केंडाल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. डेक्सा त्यानंतर दशकभरात आलं. सूज दाबण्यात ते शरीरातल्या कॉर्टिसॉलपेक्षा सुमारे २५ पट जोरकस. शिवाय टिकाऊ. कॉर्टिसॉलचा अंमल ८ ते १२ तासांत ओसरतो, डेक्साचा ३६ ते ५४ तास राहतो. बाटलीतलं 'थोडं उरलेलं' म्हणजे किती, याचा हिशेब त्यामुळे चुकतो.

नानांची मोठी गाई का उठली होती? व्यायल्यावर दूध जोरात, खाणं कमी, रक्तातली साखर घटलेली, अशी कीटोसिसची ती केस होती. डेक्सानं साखर वाढली, भूक परतली, गाई उभी राहिली. तिथे ते योग्यच होतं. पण त्या एका सकाळमुळे नानांच्या मनात डेक्सा म्हणजे 'उभं करणारं औषध' असं घर करून बसलं. गोठ्यागोठ्यात हेच होतं. ताप उतरतो, जनावर टवटवीत दिसतं, मालक खूश. जंतू मात्र जिथल्या तिथे असतो, आणि आता त्याला अडवायला कोणी नसतं.

इथे एक गंमत आहे. डेक्सा दिलेल्या जनावराचं रक्त तपासलं तर काही पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. अननुभवी माणसाला वाटावं, वा, प्रतिकारशक्ती वाढली! प्रत्यक्षात या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर उतरायला जे हुक लागतात, ते डेक्सामुळे गळून पडतात. नाशिककरांना सांगायचं तर द्वारकेच्या चौकात आग लागलेली आहे आणि अग्निशमनच्या गाड्या वर उड्डाणपुलावरून सुसाट पुढे निघून जातायत. पुलावर गाड्यांची गर्दी दिसते ती खाली कोणी उतरत नाही म्हणून.

हे सगळं मोठ्या जनावरातही होतं. औषध थांबवलं की हुक पुन्हा येतात, गाड्या उतरू लागतात. मोठ्या जनावरात स्टेरॉइड बहुतेक वेळा तयार फौजेला गप्प बसवतं. लहानात फौजेची भरती अजून चालू असते, आणि नेमकी भरतीच्या मैदानातली पोरं स्टेरॉइडला सगळ्यांत हळवी असतात.

हे मैदान म्हणजे थायमस ग्रंथी. वासराला ही मानेपासून छातीपर्यंत पसरलेली असते, पांढुरकी, मऊ, लहान वयात चांगली मोठी. वयात येता येता ती आटत जाते, म्हणून मराठी परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी असं सुरेख नाव आहे. ती कशासाठी आहे हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. १९६१मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचं थायमस काढून टाकलं. पिल्लं आधी वाढली, मग खंगली आणि संसर्गांनी मेली. त्यांच्या अंगात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा दुष्काळ होता. मोठ्या उंदराचं थायमस काढलं तर त्याला लगेच असं काही होत नव्हतं. तेव्हा कळलं की हा अवयव बालपणीच सगळ्यांत मोलाचा.

आत काय चालतं? लासलगावला खळ्यावर कांदा निवडताना पाहिला असेल. बायका ढिगासमोर बसतात, जोडकांदा बाजूला, डेंगळा बाजूला, सडका बाहेर. थायमसची निवड याहून कितीतरी निर्दयी. अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या पेशींपैकी ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या बाद. ज्या स्वतःच्याच शरीराला शत्रू समजतात त्याही बाद. १००पैकी ९५हून अधिक पेशी इथेच मरतात, उरलेल्या बाहेर पडून आयुष्यभर पहारा देतात. या पहारेकऱ्यांना टी पेशी म्हणतात, थायमसच्या इंग्रजी नावातल्या टीवरून.

निवडीच्या मधल्या टप्प्यावरच्या, म्हणजे ढिगाऱ्यात सगळ्यांत जास्त संख्येनं असलेल्या कच्च्या पेशी स्टेरॉइडचा निरोप आला की आत्महत्या करतात. हा शब्द मी उगाच वापरत नाही. पेशी आपला डीएनए आपणच ठरावीक तुकड्यांत कापते आणि आवरून जाते. १९८०मध्ये अँड्र्यू वायली यांनी पेशीचा हा शिस्तबद्ध मृत्यू दाखवला तो थायमसच्या पेशींवर स्टेरॉइड टाकूनच. प्रौढ, निवडून झालेल्या टी पेशी त्या मानानं कणखर असतात. उंदराला मोठ्या मात्रेचा एकच डोस दिला तर दोनेक दिवसांत थायमस आक्रसून अगदी लहान होतं. प्रौढ उंदरात ते काही आठवड्यांत पुन्हा भरून येतं. भरून येतं, हे महत्त्वाचं आहे. एका इंजेक्शननं सगळं संपत नाही आणि मला कोणाला घाबरवायचं नाही.

औषधच कशाला, नुसता ताणही हे करतो. १९३६मध्ये मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेली हा तरुण संशोधक उंदरांना निरनिराळे अर्क टोचत होता, नवीन संप्रेरक सापडेल या आशेनं. काहीही टोचलं, थंडीत ठेवलं, दमवलं, तरी आत तेच दिसायचं. अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, पोटात व्रण, थायमस आक्रसलेलं. संप्रेरक सापडलं नाही, पण आज आपण ज्या अर्थानं 'स्ट्रेस' म्हणतो तो शब्द त्याच्या कामामुळे रुळला.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला अस्वस्थ करते. एके काळी युरोप-अमेरिकेत शवविच्छेदनासाठी येणारी मुलांची प्रेतं बहुतांशी गरिबांची असत, दीर्घ आजारानं आणि उपासमारीनं खंगलेल्या मुलांची. त्यांचं थायमस ताणानं आटलेलं असे, आणि डॉक्टरांनी तेच 'नॉर्मल' धरलं. मग एखादं धडधाकट बाळ झोपेत अचानक दगावलं आणि त्याचं थायमस मोठं दिसलं, तर निष्कर्ष निघे की मोठ्या थायमसनंच त्याचा जीव घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे 'मोठं' थायमस लहान करण्यासाठी हजारो निरोगी बाळांच्या मानेवर क्ष-किरण मारले गेले. त्यांतल्या अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. थायमस मुळात मोठं नव्हतंच. ते जेवढं असायला हवं तेवढंच होतं.

आता कोंबडी. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या बांधाला पोल्ट्रीचं शेड ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि रोगप्रतिकाराच्या शास्त्रातला अर्धा शोध कोंबडीनं लावून दिलाय हे फार थोड्यांना माहीत असतं. पक्ष्यांच्या गुदद्वाराजवळ आतल्या बाजूला एक छोटी थैली असते, बर्सा. फॅब्रिशियस नावाच्या इटालियन शरीररचनाकारानं तिचं वर्णन केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१मध्ये छापलं गेलं. त्यानंतर तीनशेहून जास्त वर्षं ती कशाला आहे याचा पत्ता नव्हता. ब्रूस ग्लिक या अमेरिकी विद्यार्थ्यानं कोंबडीच्या पिल्लांची बर्सा काढून पाहिली, काहीच फरक दिसला नाही. मग टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. ग्लिकनं आपल्या शेडमधल्या दिल्या. जंतू टोचून रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना धरणारी प्रथिनं, दाखवायची होती, पण बर्सा काढलेल्या कोंबड्यांत ती तयारच झाली नाहीत. प्रात्यक्षिक फसलं आणि शोध लागला! नामांकित 'सायन्स'नं त्यांचा लेख नाकारला, अखेर १९५६मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना आज जगभर बी पेशी म्हणतात, तो बी बर्साचा.

आता नानांच्या घडांकडे परत या. १९५९मध्ये काही संशोधकांनी उबवणीच्या पाचव्या दिवशी अंड्यात नर संप्रेरकासारखं स्टेरॉइड टोचलं. पिल्लं बाहेर आली ती बर्सा नसलेलीच. दोन वर्षांनी ग्लिक आणि सॅडलर यांनी टोचायचेही कष्ट घेतले नाहीत. उबवणीच्या सुरुवातीच्या दिवसांत अंडी संप्रेरकाच्या द्रावणात बुडवून काढली. अगदी द्राक्षाच्या घडासारखी. कवचातून औषध आत झिरपलं आणि बर्सा घडलीच नाही. अशी कोंबडी वरून ठीक दिसते, पण प्रतिपिंडं बनवण्यात लंगडी राहते. तेच संप्रेरक वयात आलेल्या कोंबड्याच्या अंगात रोज फिरत असतं आणि त्याचा तुरा लाल करतं.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा नानांच्या पोल्ट्रीवाल्या पुतण्यानं लगेच विचारलं, "म्हणजे गंबोरोसारखंच की?" पोरगं हुशार आहे. गंबोरो हा विषाणूचा रोग, स्टेरॉइडचा नव्हे, पण विषाणू जाऊन बसतो तो बर्सातच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लागण झाली तर पिल्लू कदाचित आजारीही दिसत नाही, मात्र पुढे राणीखेत या दुसऱ्या रोगाची लस दिली तरी ती नीट लागत नाही. उशिरा लागण झाली तर मरतूक दिसते, पण जगलेल्या पक्ष्यांचं नुकसान तुलनेनं कमी. पुन्हा दिवसाचाच प्रश्न.

आता गाई-म्हशी. इथे थोडं थांबायला हवं, कारण उंदरावरून वासराबद्दल सरळ बोलता येत नाही. एक तर जातीजातीत फरक आहे. उंदीर, ससा, हॅमस्टर हे स्टेरॉइडला हळवे प्राणी. माणूस, माकड, गिनीपिग त्या मानानं कणखर, त्यांच्या लिम्फोसाइट तेवढ्याच मात्रेला अशा पटापट मरत नाहीत. दुसरं, उंदराचं पिल्लू फार कच्चं जन्मतं, डोळे मिटलेलं, अंगावर केस नसलेलं, प्रतिकार यंत्रणा अर्धवट. वासरू तासाभरात उभं राहतं. त्याचं थायमस गर्भाच्या ४०व्या दिवसाच्या आसपास ओळखू येतं, प्लीहा ५५व्या दिवसाच्या सुमारास, तर आतड्यातले प्रतिकाराचे ठिपके १७५व्या दिवसापर्यंत दिसत नाहीत. गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. म्हणजे उंदराच्या जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे होतं, त्यातलं बरंचसं वासरात आईच्या पोटातच उरकलेलं असतं. नवजात उंदरांना कॉर्टिसॉल टोचून ती खंगत मेल्याचा प्रयोग १९६४मध्ये झाला. तसं वासराचं होईल असं त्यावरून म्हणता येत नाही.

मग मी नानांना का अडवलं?

कारण वासराची यंत्रणा तयार असली तरी अनुभवशून्य असते, आणि जन्माच्या वेळी तिला स्टेरॉइडचा एक डोस आधीच मिळालेला असतो. तो निसर्गानंच दिलेला. गाई कधी व्यायची हे गाई ठरवत नाही, पोटातलं वासरू ठरवतं. दिवस भरले की त्याच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉलची लाट सोडतात, तिच्यानं कळा सुरू होतात आणि वासराची फुप्फुसंही हवेसाठी तयार होतात. त्या लाटेचा माग जन्मलेल्या वासराच्या रक्तात दिसतो. लिम्फोसाइट कमी, उड्डाणपुलावरच्या त्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त. पहिले काही दिवस त्याचा प्रतिकार दबलेलाच असतो. त्यावर आपण वरून २५ पट जोरकस डेक्सा ओतायचं, तेही फुप्फुसात जंतू असताना.

त्यात गाईची वार अशी असते की आईची प्रतिपिंडं तिच्यातून वासराला मिळत नाहीत. माणसाच्या बाळाला ती नाळेतून मिळतात, कोंबडीच्या पिल्लाला बलकातून, वासराला फक्त चिकातून. आतड्याचं दारही थोडा वेळच उघडं असतं. पहिल्या काही तासांत प्रतिपिंडं सबंधच्या सबंध रक्तात जातात, चोवीस तासांत हे दार जवळजवळ बंद होतं. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लीटर, आणि तोही लवकरात लवकर. आपल्याकडे मात्र व्यायल्या गाईच्या चिकाकडे पाहून आधी खरवस आठवतो. नानांच्या वासराच्या पोटात जेमतेम एक मग चीक गेला होता.

स्टेरॉइडचा आणखी एक धोका मला व्यवसायात फार जाणवतो. काही विषाणू जनावराच्या अंगात झोपून राहतात. आयबीआर नावाचा गाईंचा नागीणकुळातला विषाणू एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडी मारतो. तो दडलाय की नाही हे पाहायची प्रयोगशाळेतली रूढ पद्धत काय, तर जनावराला काही दिवस डेक्सा द्यायचं. विषाणू उठतो आणि नाकातून बाहेर पडू लागतो. गोठ्यात आपण नकळत हाच प्रयोग करतो, आणि शेजारी बांधलेल्या गाभण गाई त्याच्या वाटेत असतात. गाभण गाईला थेट डेक्सा दिलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. वासराची ती कॉर्टिसॉलची लाट आपण बाहेरून आणली असं होतं, आणि शेवटच्या महिन्यांत गाई अवेळी विते.

लसींचंही तसंच. राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच देतात. ती जिवंत जंतूची लस. कालवडीनं त्या दुबळ्या जंतूशी लढून शिकायचं असतं. त्याच आठवड्यात कोणी खोकल्यासाठी स्टेरॉइड दिलेलं असेल तर शिकणारे वर्गातच नाहीत. लस टोचल्याची नोंद होते, कानात बिल्ला असतो आणि मालक निर्धास्त. म्हणून लसीकरणाला आलेल्या माणसाला मागच्या महिन्यात दिलेलं प्रत्येक इंजेक्शन सांगा. ते विचारणार नाहीत, त्यांना गाव उरकायचं असतं.

इंजेक्शन न देताही हे घडतं, हे सेलीच्या उंदरांनी दाखवलंच आहे. बाजारातून आणलेली करडं आठवा. आईपासून तोडलेली, टेम्पोत कोंबलेली, घाटातल्या पावसात भिजलेली. संगमनेरी करडू काटक खरं, इगतपुरीकडची डांगी जनावरं तर धो धो पावसासाठीच घडलेली, पण कॉर्टिसॉल कोणाचंच सुटत नाही. तशा दिवशी आल्या आल्या पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगाची लस टोचण्यापेक्षा आठवडाभर चारा-पाणी आणि कोरडी जागा दिलेली मला बरी वाटते.

लहानपणीच्या डोसाचे परिणाम मोठेपणी दिसतात का? काही वेळा दिसतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात नवजात उंदरांना जन्मानंतर लगेचच्या दिवसांत डेक्सा दिलं आणि पुढे प्रौढपणी त्यांच्यात मज्जासंस्थेवर प्रतिकारशक्तीच उलटण्याचा आजार प्रयोगानं निर्माण केला. डेक्सा मिळालेल्या उंदरांत तो जास्त जणांना आणि जास्त तीव्र झाला. त्यांच्या अंगचं स्टेरॉइड गरजेच्या वेळी पुरेसं वाढतही नव्हतं. म्हणजे लहानपणी बाहेरून आलेल्या निरोपानं आतला निरोप्याच मंदावला. प्रतिकारशक्ती कमी होणं एवढाच या गोष्टीचा अर्थ नाही. कधी तिचा लगामही ढिला पडतो.

हे वाचताना अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाच्या भीतीनं गरोदर सुनेला किंवा मुलीला दिलेलं डेक्साचं इंजेक्शन कोणाला आठवेल, म्हणून स्पष्ट सांगतो. ते टाळू नका. ती गोष्ट मेंढीपासून सुरू होते. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स प्रसूती कशी सुरू होते हे शोधायला मेंढीच्या गर्भाला डेक्सा देत होते. जगायला नको होतं इतक्या अपुऱ्या दिवसांचं एक कोकरू जन्मून चक्क श्वास घेत होतं. १९६९मध्ये त्यांनी ते मांडलं, १९७२मध्ये रॉस हॉवी यांच्यासोबत स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. आज अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची भीती असलेल्या स्त्रीला १२-१२ तासांनी ६ मिलीग्रॅमचे चार डोस दिले जातात, आणि भारतात २०१४पासून २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान एएनएम, म्हणजे गावच्या परिचारिका ताईलाही पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत त्यानं नवजात मृत्यू घटले. औषधाची निवडही सूचक आहे. वारेतलं एक विकर (एन्झाइम) आईचं कॉर्टिसॉल निष्प्रभ करून बाळाला त्यापासून जपतं. डेक्सा आणि बीटामेथासोन त्या पहारेकऱ्याच्या हातून निसटतात, म्हणूनच ती वापरतात. हा मोजका, नेमक्या दिवसांतला डोस. याउलट १९९०च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर मोठ्या मात्रेत, आठवडेच्या आठवडे डेक्सा दिलं गेलं, तेव्हा पुढे मेंदूवरचे परिणाम दिसले आणि २००२मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ती सरसकट प्रथा थांबवायला सांगितलं.

लहान जनावरातही स्टेरॉइड वर्ज्य नाही. कुत्र्याच्या काही पिल्लांचं तोंड आणि गळ्याच्या गाठी अचानक सुजून फुटतात. बघणाऱ्याला जंतुसंसर्ग वाटतो, पण तिथे त्यांची स्वतःची प्रतिकारशक्तीच पिसाळलेली असते आणि प्रेडनिसोलोन त्यांना वाचवतं. मात्र दुसऱ्या एखाद्या पिल्लाला खाज सुटली म्हणून तेच दिलं आणि ती खाज डेमोडेक्स नावाच्या किडीची निघाली, तर डोळ्याभोवतीचा चकता अंगभर पसरतो. गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांत परदेशी पिल्लं वाढल्यापासून ही दुसरी केस मी जास्त बघतो, बहुतेकदा कोणीतरी मेडिकलवाल्याला फोटो दाखवून आणलेल्या मलमानंतर किंवा गोळ्यांनंतर. हे औषध कायद्यानं चिठ्ठीशिवाय मिळायला नको.

नानांच्या वासराला मी प्रतिजैविक दिलं, तापासाठी मेलोक्सिकॅम, सलाईन, आणि खाली पोतं अंथरायला लावलं. (मेलोक्सिकॅम गिधाडांनाही चालतं. डायक्लोफिनॅकनं त्यांचा संहार झाला म्हणून २००६मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडं दिसतात तेव्हा बरं वाटतं.) डेक्साची उरलेली बाटली मी बॅगेत टाकली. नाना काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर पैसे गेल्याचं दिसत होतं.

चौथ्या दिवशी वासराची धाप बसली. सहाव्या दिवशी ते बाटलीला ढुशा देऊ लागलं. निघताना मी नानांच्या घरात जरा आवाज चढवून बोललो, की चीक वासराचा असतो, पाहुण्यांचा नाही, आणि पुढच्या वेळी पहिले तीन लीटर मोजून त्यालाच पाजायचे.

नानांच्या सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा डबा धुऊन ठेवलाय डॉक्टर, वहिनींनी पाठवलेला. घेऊन जा."

मग मला आठवलं. वासरू जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी वेलची घातलेला खरवस माझ्या घरी आला होता. मी तीन वड्या खाल्ल्या होत्या.